वाटणीतली भांडी: पेशी दुभंगताना एपिजेनेटिक खुणा कशा टिकतात?

प्रश्न यावल तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. ती जळगावला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि घरी केळीची बाग आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: 'सर, डीएनएची नक्कल होताना त्यावरची सगळी प्रथिनं काढून टाकावी लागतात. मग त्यांच्यावरच्या खुणा जातात कुठे? यकृताची पेशी दुभंगली तर दोन्ही पेशी यकृताच्याच कशा राहतात? आणि आमच्या बागेत टिश्यू कल्चरच्या रोपांत अधूनमधून बुटकं झाड निघतं, त्याचा या खुणांशी संबंध असतो का? प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचा विचार आहे.'

एपिजेनेटिक खुणा म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जनुक चालू किंवा बंद ठेवायला मदत करणारी रासायनिक चिन्हं. आता तुझ्या एका शब्दापासून सुरुवात करतो: 'काढून टाकावी लागतात'. काढावी लागतात हे बरोबर, पण टाकली जात नाहीत. निदान सगळी नाहीत.

मी पीएच.डी.ची पाच वर्षं क्रोमॅटिनमागे (डीएनए आणि त्याला गुंडाळून ठेवणारी प्रथिनं) घालवली आणि नंतरची पंचवीस केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये. त्या पाच वर्षांत मी असं धरून चाललो होतो की पेशी या खुणांची झेरॉक्स काढते. तसं नाही. ती आधी वाटणी करते, दोन्हीकडे निम्मंच उरतं, आणि मग शेजारी बघून रिकाम्या जागा भरते. हे एकदा नीट समजलं की खुणा का टिकतात हेही कळतं आणि कधीकधी का टिकत नाहीत हेही.

आधी आवाका बघ. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्यांचा डीएनए असतो, लांबी अंदाजे २ मीटर. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका रिळाभोवती १४७ जोड्या, पावणेदोन वेढ्यांना थोडे कमी, आणि अशी रिळं सुमारे ३ कोटी. रिळ आठ तुकड्यांचं: एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ प्रत्येकी दोन. या तुकड्यांची शेपटं बाहेर लोंबतात आणि बहुतेक खुणा त्या शेपटांवर असतात. दुसऱ्या प्रकारची खूण थेट डीएनएवर असते, सी या अक्षराला चिकटलेला मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट. पेशी दुभंगायच्या आधी साधारण आठ तासांत हा सगळा डीएनए दुप्पट करायचा असतो. एका फाट्यावर नक्कल मिनिटाला एक ते दोन हजार अक्षरांच्या वेगाने सरकते आणि रिळं साधारण २०० जोड्यांच्या अंतरावर असतात. म्हणजे दर सहा ते बारा सेकंदांना एक रिळ वाटेत येतं, सुटतं आणि फाट्याच्या मागे पुन्हा बसवावं लागतं. (इंग्रजीत ज्याला रेप्लिकेशन फोर्क म्हणतात त्याला मी फाटा म्हणतो. खान्देशात निम्म्या गावांची ओळखच अमक्या फाट्यावरून होते, त्यामुळे वर्गात हा शब्द पटकन बसतो.)

मिथाइलची गोष्ट त्यातल्या त्यात सरळ आहे, म्हणून ती आधी.

प्राण्यांत मिथाइल बहुतेक करून सी-नंतर-जी अशा जागी लागतो. या जागेची खुबी अशी की समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचलं तरी तिथेही सी-नंतर-जीच येतं. त्यामुळे दोन्ही धाग्यांवर मिथाइल समोरासमोर बसतो. धागे सुटले आणि प्रत्येकासमोर नवा धागा विणला गेला की जुन्यावर मिथाइल असतो, नव्यावर नसतो. डीएनए अर्धमिथिलित होतो. आता कुणीतरी फक्त या अर्धवट जागा शोधून दुसरी बाजू भरली की काम झालं. ही कल्पना १९७५ साली हॉलिडे आणि प्यू यांनी, आणि स्वतंत्रपणे रिग्ज यांनी, निव्वळ विचार करून मांडली. एन्झाइम हातात यायच्या कितीतरी आधी. ते एन्झाइम, म्हणजे डीएनएमटी१, क्लोन झालं १९८८ मध्ये. १९९२ मध्ये उंदरात त्याचं जनुक मोडून पाहिलं तर गर्भ जगेनात.

पुस्तकं बहुधा इथेच थांबतात: डीएनएमटी१ला अर्धमिथिलित डीएनए आवडतो, म्हणून खूण टिकते. हे अपुरं आहे. नुसत्या आवडीवर इतक्या जागा वेळेत सापडणार नाहीत. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात अशा सुमारे २.८ कोटी जागा आहेत आणि त्यांतल्या ७० ते ८० टक्क्यांवर मिथाइल असतो. शिवाय डीएनएमटी१ स्वतःचंच तोंड झाकून बसलेलं असतं. त्याचाच एक भाग कामाच्या खोबणीत अडकलेला असतो. ते झाकण काढणारं प्रथिन म्हणजे यूएचआरएफ१, ज्याची गरज २००७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवली. हे आधी अर्धमिथिलित जागा ओळखतं, आणि ओळखण्याची रीत बघण्यासारखी आहे: मिथाइल असलेलं अक्षर ते डीएनएच्या गोफातून उलटं फिरवून बाहेर काढतं आणि आपल्या खोबणीत धरतं, सोनार कुडीतला खडा काढून भिंगाखाली धरतो तसं. मग जवळच्या एच३च्या शेपटावर युबिक्विटिन हे छोटं प्रथिन लावतं. डीएनएमटी१ त्या युबिक्विटिनला धरतं, झाकण सरकतं आणि कामाची खोबणी उघडते. त्याखेरीज डीएनएमटी१ पीसीएनए या कड्यालाही धरून राहतं. डीएनए विणणारं यंत्र याच कड्याच्या आधाराने सरकतं, त्यामुळे डीएनएमटी१ला नव्या धाग्यापासून लांब जावंच लागत नाही.

काम दोन टप्प्यांत होतं. बऱ्याच जागा फाटा पुढे गेल्यावर मिनिटांत भरल्या जातात, उरलेल्या रेंगाळत काही तास घेतात. त्या रेंगाळणाऱ्या जागांमध्येच पुढचा सगळा घोळ असतो.

आता हिशेब करू. डीएनएच्या अक्षरांत, सगळी दुरुस्ती धरून, अब्जात एखादी चूक राहते. मिथाइलच्या बाबतीत प्रत्येक दुभंगण्यात शंभरातल्या एक ते पाच जागा सुटू शकतात. नव्व्याण्णव टक्के टिकतात असं धर. पन्नास दुभंगण्यांनंतर फक्त नकलेच्या भरवशावर साठ टक्के उरतील. पंच्याण्णव टक्के धरलेस तर आठच. आणि प्रत्यक्षात तर पेशी आयुष्यभर आपला नमुना बऱ्यापैकी सांभाळते. म्हणजे नुसती नक्कल पुरत नाही. डीएनएमटी३ए आणि ३बी ही दुसरी एन्झाइमं, ज्यांचं मूळ काम कोऱ्या जागी नवा मिथाइल लावणं, तीही वेळोवेळी हात लावतात. दाट मिथाइल असलेल्या पट्ट्यात सुटलेली जागा पुन्हा भरली जाते, आणि जिथे मुळात मिथाइल नसतो त्या पट्ट्यात चुकून लागलेला सहसा टिकत नाही. म्हणून टिकते ती पट्ट्याची अवस्था. एकेका जागेची हमी पेशी देत नाही. प्रोजेक्टमध्ये एकाच जागेवरच्या फरकावर निष्कर्ष काढायचा मोह होईल, तेव्हा हे वाक्य आठव.

जाता जाता दोन गोष्टी, कारण त्या मला सोडवत नाहीत. एक म्हणजे ई. कोलायसारखे बॅक्टेरिया या अर्धवटपणाचा फायदा उठवतात. नक्कल झाल्यावर थोडा वेळ नव्या धाग्यावर मिथाइल नसतो, तेवढ्या वेळात दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना कळतं की जुना धागा कोणता आणि चुकलेला कोणता. दुसरी गोष्ट क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीची. तिच्या पूर्वजांनी नवा मिथाइल लावणारं एन्झाइम कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावलं. फक्त नक्कल करणारं उरलं. तरी मिथाइल आजही आहे! २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. वडाचं मूळ खोड जावं आणि पारंब्यांवर झाड उभं राहावं, तसा प्रकार. अर्थात इथे नुसती नक्कल पुरली नाही. ज्या पेशींत खुणा फार गळाल्या त्या मागे पडल्या, ही निवडही सोबत चालू होती.

आता हिस्टोन. खरा गुंता इथे आहे, आणि भांड्यांचा दाखलाही इथलाच.

आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालतात. समज, एका घराची अशी दहा भांडी मांडणीवर ओळीने लावलेली आहेत, प्रत्येकावर आजोबांचं नाव. दोन भाऊ वेगळे झाले. पाच भांडी थोरल्याकडे, पाच धाकट्याकडे, आणि प्रत्येकाने आपलं भांडं मूळ मांडणीवर जिथे होतं त्याच जागी ठेवलं. दोघांच्याही मांडणीवर निम्म्या जागा रिकाम्या. त्या भरायला दोघांनी बाजारातून कोरी भांडी आणली. मग नाव घालणारा आला, शेजारच्या जुन्या भांड्यावरचं नाव वाचलं आणि नव्यावर तेच घातलं. पुढच्या पिढीत पुन्हा वाटणी.

पेशीत हे असंच्या असं चालतं, फक्त दर सहा ते बारा सेकंदांना. फाटा आला की रिळ सुटतं. एच२ए-एच२बीच्या जोड्या वेगळ्या होतात आणि त्यांची सरमिसळ होते, त्यांच्यावर आठवणीचा भार फारसा नसतो. एच३-एच४चा चौघांचा गठ्ठा मात्र सहसा एकसंध राहतो, आणि कामाच्या बहुतेक खुणा याच गठ्ठ्यावर असतात. हा गठ्ठा मोकळा तरंगत सोडला तर गेला. म्हणून फाट्यावरच्या यंत्रातच तो धरायला हात आहेत. डीएनएचे धागे सोडवणाऱ्या चक्रातलं एमसीएम२ हे प्रथिन आपल्या शेपटाने एच३-एच४ला पकडतं आणि मागे, मुख्यतः तुकड्यातुकड्यांनी विणल्या जाणाऱ्या धाग्याकडे सोपवतं. सलग विणल्या जाणाऱ्या धाग्याकडे सोपवायचं काम पीओएलई३ आणि पीओएलई४ करतात. ती त्या धाग्याच्या पॉलिमरेजचाच, म्हणजे विणणाऱ्या एन्झाइमचाच, भाग आहेत. वाटणी जवळपास समसमान होते.

हे कळलं कसं, ते सांगायला हवं, नाहीतर हे सगळं कीर्तन वाटेल. पेशींना थोडा वेळ ईडीयू नावाचं खोटं अक्षर खायला घालतात. ते फक्त त्या वेळात विणलेल्या नव्या धाग्यात बसतं. मग त्याला बायोटिनचा हुक लावून नेमका तोच डीएनए ओढून काढता येतो, आणि त्यावर जुन्या खुणांचे हिस्टोन कोणत्या धाग्याकडे किती गेले हे धागे वेगळे करून मोजता येतं. २०१८ मध्ये असे दोन अभ्यास एकाच वेळी आले, एक उंदराच्या पेशींत, एक यीस्टमध्ये. उंदराच्या पेशींत एमसीएम२चा पकडणारा भाग बिघडवला तर जुने हिस्टोन सलग धाग्याकडे झुकले. यीस्टमध्ये पॉलिमरेजकडचा हात काढला तर ते उलट बाजूला झुकले. थोडक्यात, एका भावाला जुनी भांडी जास्त आणि दुसऱ्याला कोरी जास्त. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला या विषयातला हा सगळ्यात स्वच्छ प्रयोग आहे. पीएच.डी.च्या दिवसांत आम्ही याच प्रश्नावर तावातावाने वाद घालायचो आणि कुणाकडेच पुरावा नसायचा.

कोरे हिस्टोन सीएएफ-१ हे प्रथिन आणतं. १९८९ सालापासून ते माहीत आहे, आणि तेही त्याच पीसीएनए कड्याला धरून असतं. नव्या एच४वर दोन ठिकाणी ॲसिटाइल हा गट असतो, पाचव्या आणि बाराव्या लायसीनवर (शेपटाच्या साखळीतल्या मण्यांना क्रमांक असतात, लायसीन हा त्यांतला एक प्रकार), ही जणू दुकानाची चिठ्ठी. जागेवर बसल्यावर थोड्या वेळाने ती निघते.

उरला नाव घालणारा. जनुकं बंद ठेवणारी एक महत्त्वाची खूण म्हणजे एच३च्या २७व्या लायसीनवर तीन मिथाइल. ती लावतं पीआरसी२ हे संकुल. त्याचा एक भाग, ईईडी, आधीपासून असलेली हीच खूण ओळखून धरतो, आणि धरल्याबरोबर दुसऱ्या भागाचा, ईझेडएच२चा, कामाचा वेग वाढतो. वाचणारा आणि लिहिणारा एकाच संकुलात. ९व्या लायसीनवरच्या खुणेचंही असंच आहे, फक्त मंडळी वेगळी. पण वेग बघ. पुष्कळ खुणा एका पेशीचक्रात पूर्ववत होतात, तर २७ आणि ९ वरचे तीन-मिथाइल इतके सावकाश भरतात की काम पुढच्या पिढीपर्यंत रेंगाळतं. दोन वाटण्यांच्या मधल्या काळात मांडणीवरच्या सगळ्या भांड्यांवर नावं कधीच नसतात, आणि तरी घर चालतं. कारण जनुक बंद ठेवायला प्रत्येक भांड्यावर नाव लागत नाही, त्या फळीवर पुरेशी नावं असली की बस.

आता माझी तक्रार. अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं की हिस्टोनच्या खुणा अशा 'स्वतःच्या बळावर' पिढ्यान्‌पिढ्या चालतात. तितकं सोपं नाही. फळमाशीत २०१७ मध्ये एक करून पाहिलं: पीआरसी२ला बोलावणारा डीएनएचा तुकडा नंतर कापून काढला. खूण लगेच गेली नाही. पण प्रत्येक दुभंगण्याबरोबर पातळ होत गेली आणि पेशींच्या काही पिढ्यांत जनुक उघडलं. म्हणजे शेजारचं नाव वाचणं मदतीला येतं खरं, पण नाव घालणाऱ्याला त्या गल्लीत बोलावणारी पाटी लागतेच. फिशन यीस्टमध्ये २०१५ मध्ये ९व्या लायसीनच्या खुणेबाबत असंच दिसलं, एका फरकाने: पुसणारं प्रथिन, एपे१, काढून टाकलं तर मूळ पाटीशिवायही खूण कित्येक पिढ्या टिकली. सगळा खेळ लिहिण्याच्या आणि पुसण्याच्या वेगांचा आहे. टाकीला गळती असेल तर नळ चालू ठेवावा लागतो.

आणि चालू जनुकांच्या खुणा? तिथे मी वारसा हा शब्दच जपून वापरतो. बंद पट्ट्यांत जुने हिस्टोन आपल्या जागेजवळ परततात. चालू जनुकांच्या ठिकाणी उलाढाल इतकी असते की ती खूण टिकते यापेक्षा पुन्हा लावली जाते म्हणणं बरोबर. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर (जनुकं चालू करणारी प्रथिनं) परत येऊन बसतात, जनुक वाचलं जायला लागतं आणि त्या वाचनाबरोबर खुणा उमटतात. तुझ्या यकृताच्या पेशीचं उत्तर इथेच आहे, ते दुहेरी आहे. यकृतात जे बंद राहायला हवं ते बरंचसं खुणांच्या वाटणीतून बंद राहतं. जे चालू हवं ते यकृताच्या फॅक्टरांचा संच दोन्ही पेशींत आधीच हजर असतो म्हणून चालू होतं. बंद ठेवण्याची आठवण किती चिवट असते ते तीनरंगी मांजरीत दिसतं. मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक प्रत्येक पेशीत गर्भावस्थेतच बंद होतो, कोणता ते नशिबावर, आणि त्या पेशीच्या सगळ्या वंशात तोच बंद राहतो. काळे आणि नारिंगी ठिगळ हा त्याचाच नकाशा.

वनस्पतीत याचं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाचं. हिवाळ्याची लांब थंडी मिळाली की फुलणं अडवणाऱ्या एफएलसी जनुकावर २७व्या लायसीनची खूण बसते, आणि उन्हाळ्यात पेशी कितीही दुभंगल्या तरी ते बंदच राहतं. मजा अशी की हे हळूहळू मंद होत नाही. एकेका पेशीत ते एकतर चालू असतं नाहीतर बंद, आणि थंडी जितकी लांब तितक्या जास्त पेशी बंद गटात जातात. बी धरताना सगळं पुसून पाटी कोरी. आपल्याकडचा रब्बीचा गहू थंडीत वाढतो, पण त्याला फुलायला अशी अट नसते, त्यामुळे घरच्या शेतात हा खेळ दिसायचा नाही.

आता केळी.

वनस्पतीत डीएनएमटी१च्या जागी एमईटी१ आहे, काम तेच. पण वनस्पती मिथाइल आणखी दोन प्रकारच्या जागी लावतात. सी-नंतर जी सोडून कोणतंही एक अक्षर आणि मग जी, अशा जागी सीएमटी३ काम करतं आणि ते हिस्टोनच्या ९व्या लायसीनची खूण वाचतं. ती खूण लावणारं एन्झाइम उलट डीएनएवरचा मिथाइल वाचतं. दोघं एकमेकांच्या खांद्यावर उभे. तिसऱ्या प्रकारच्या जागी समोरच्या धाग्यावर जोडीदार सी नसतोच, मग नक्कल करायची कशावरून? तिथे बऱ्याचदा छोटे आरएनए वाट दाखवतात आणि डीआरएम२ दर खेपेला नव्याने मिथाइल लावतं. दर खेपेला नव्याने, हे शब्द टिश्यू कल्चरवाल्याने गिरवून ठेवावेत. बागेत कंदातून पील फुटतं तेव्हा वाढ सावकाश असते. आमच्या बाटल्यांत सायटोकायनिन हे संप्रेरक घालून आम्ही तीन-चार आठवड्यांच्या प्रत्येक सबकल्चरला (कोंब फोडून नव्या बाटलीत लावण्याला) पेशींना पळवतो. सावकाश भरणाऱ्या खुणांना वेळच कमी मिळतो, आणि संप्रेरकांनी फॅक्टरांचा मूळ संचही ढवळलेला असतो.

याचा पक्का पुरावा केळीत नाही, तेलताडात आहे. टिश्यू कल्चरने केलेली तेलताडाची रोपं लावल्यावर काही वर्षांनी, फळं धरायला लागल्यावर, काही झाडांची फळं विचित्र, पाकळ्यांसारख्या वाढींनी वेढलेली निघायची आणि तेल नावापुरतं. तोवर शेतकऱ्याची वर्षं गेलेली. २०१५ मध्ये कारण सापडलं: फुलाच्या एका जनुकाच्या आत बसलेल्या उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावरचा मिथाइल गळालेला होता, त्यामुळे त्या जनुकाचा संदेश चुकीच्या जागी तुटत होता. त्या तुकड्याचं नाव आधीपासूनच कर्मा आहे. संशोधकांना विनोद करायची गरज पडली नसावी.

केळीतल्या बुटक्यांचं सगळं खापर मात्र मिथाइलवर फोडू नकोस. केळीच्या कॅव्हेंडिश गटात टिश्यू कल्चरमधून निघणाऱ्या वेगळ्या झाडांत बुटकी सगळ्यात जास्त असतात, आणि बहुतेक वेळा त्यांची पिलंही बुटकीच निघतात. टिश्यू कल्चरमध्ये डीएनएची अक्षरं बदलतात, गुणसूत्रांची मोडतोडही होते. त्यात आपलं ग्रँड नैन हे वाण गुणसूत्रांच्या तीन संचांचं, एकाच जागेच्या तीन प्रती, त्यामुळे एका प्रतीतला बदल उरलेल्या दोनांत दबूनही जाऊ शकतो.

माझ्या एका जुन्या नोकरीतली गोष्ट. मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या लावणीच्या, मागण्या अचानक वाढल्या आणि लॅबने सबकल्चरची संख्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे ओढली. नवीन मातृकंद आणायला वेळ नव्हता, असलेल्याच बाटल्या फोडत राहिलो. मीही सही केली होती. सात-आठ महिन्यांनी एका बागायतदाराने शिवारात नेऊन उभं केलं. ओळीत दर थोड्या अंतराने गुडघ्याएवढं कमी झाड, पानं आखूड आणि जवळजवळ. ते म्हणाले, 'भाऊ, रोप एकाच आईचं ना? मग हे असं का?' माझ्याकडे उत्तराचा अर्धाच भाग होता. रोप एकाच आईचं असतं, पण त्या आईपासून ते किती वाटण्या झाल्यावर आलं, हे रोपाच्या पिशवीवर लिहिलेलं नसतं. त्यानंतर मी प्रत्येक ट्रेवर सबकल्चर क्रमांक टाकायला लावला आणि आठच्या पुढे जाऊ दिलं नाही.

प्रोजेक्ट घेणार असशील तर अगदी कामाचं सांगतो. सुरुवातीला सिक्वेन्सिंगचा खर्च झेपणार नाही. एचपीए२ आणि एमएसपी१ ही डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांची, म्हणजे कात्र्यांची, जोडी घे. दोघी सीसीजीजी हीच जागा ओळखतात. आतल्या सीवर मिथाइल असेल तर पहिली कापत नाही, दुसरी कापते. बाहेरच्या सीवर असेल तर दुसरीही अडते. दोघींच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. पुढे एखादा पट्टा पक्का वाटला तर बायसल्फाइट या रसायनाने बघ, त्यात बिनमिथाइलचा सी बदलतो आणि मिथाइलवाला तसाच राहतो. एका बुटक्या झाडाची एका उंच झाडाशी तुलना करून थांबू नकोस. निदान आठ-दहा जोड्या घे, एकाच ट्रेमधल्या, एकाच दिवशी लावलेल्या. पान सगळीकडे सारख्याच क्रमांकाचं, वरून तिसरं ठीक. मिथाइल पानाच्या वयानुसार आणि ताणानुसारही बदलतो, त्यामुळे मे महिन्यातल्या रावेर-यावलच्या दुपारी काढलेलं पान आणि सकाळी पाणी दिल्यावर काढलेलं पान एका तक्त्यात टाकलंस तर तू उन्हाचा अभ्यास केलेला असेल. बुटक्याचं पीलही धर आणि ते वाढवून बघ. मिथाइलचा फरक पिलात टिकला नाही आणि बुटकेपणा टिकला, तर तू चुकीच्या जागी शोधते आहेस.

आणि मातृझाडाचं पान सगळ्यांत आधी घे. लॅबला विचारून, ज्या झाडाचा कंद बाटलीत गेला ते बागेत कुठे आहे ते शोध आणि घड कापायच्या आत जा. एकदा घड उतरवून खोड पाडलं की तुलनेला आई उरत नाही.